शाल, रोलर आणि एक किलोमीटर

(पडद्यावर अंधार. आधी फक्त आवाज. मग रोलरची फिरणारी नळकांडी.)

हा घोंघावणारा आवाज रोलरचा. खाली तीन नळकांडी, त्यातल्या दोनांना जोडणारा एक पट्टा आणि वर सायकल. सायकल कुठे टेकवलेली नाही, बांधलेलीही नाही. पाय फिरतायत तोवरच तोल आहे.

सकाळचे सात वाजलेत. पुण्यातलं बालेवाडी, श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळी हे उभं राहिलं. डिसेंबरचे दिवस, उघडा ट्रॅक. बोलताना तोंडातून वाफ येतेय.

रोलरवरचा पोरगा सांगली जिल्ह्यातला, सतरा वर्षांचा. आज त्याची एक किलोमीटरची टाइम ट्रायल आहे. उभ्या जागेवरून सुटायचं, सोबतीला कुणी नाही, झुंज फक्त घड्याळाशी. सायकलला गिअर एकच, ब्रेक नाहीत. सगळा मामला सव्वा मिनिटाच्या आतबाहेरचा.

आता बघा, या सव्वा मिनिटासाठी आजूबाजूला काय काय चाललंय. कठड्याला टेकून एक जण मांडी ताणतोय, डोळे मिटून, मिनिटभर तशीच धरून. पलीकडचा तासाभरापासून ट्रॅकवर फेऱ्या मारतोय, बनियन घामानं चिंब. आणि ते दोघं कोपऱ्यात चहा पितायत. अंग गरम करून काय करायचं, तेवढीच ताकद वाचेल, असं त्यांचं म्हणणं. चौघांचीही मेहनत खरी आहे. पण शर्यतीआधी अंग कसं गरम करायचं, म्हणजे वॉर्मअप, हे चौघांनाही कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही, आणि हा व्हिडिओ आम्ही केला तो त्यासाठीच.

(जवळून: मांडीचा स्नायू, पेडलबरोबर आखडणारा आणि सैल होणारा.)

स्वस्थ बसलेल्या माणसाची मांडी आतून साधारण ३५ अंशांवर असते. पेडल मारायला लागलं की पहिल्या तीन-पाच मिनिटांत ती झपाट्यानं तापते. दहा ते वीस मिनिटांत जेवढी तापायची तेवढी तापते. गरम स्नायू चटकन आखडतो, चटकन सुटतो, म्हणून त्याच पायातून जास्त जोर निघतो. त्यापुढे रोलरवर कितीही घाम गाळला तरी स्नायू फारसा तापत नाही. ताकद मात्र जात राहते.

दमाचंही असंच आहे. पहिला जोर लावला की शरीर लगेच हवा तेवढा ऑक्सिजन पुरवू शकत नाही. तो पुरवठा चढायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. मुंबई-पुणे शर्यतीत ते खपून जातं, कारण सुरुवातीचे किलोमीटर हाच वॉर्मअप, आणि ‘घाटाचा राजा’ ठरतो तो पुढे बोरघाटात. इथं तेवढ्या वेळात शर्यतच संपते. म्हणून आधी एकदा दम लागेल असं चालवून घ्यायचं आणि मग तो बसू द्यायचा. चहावाल्या दोघांचं चुकतं ते इथं.

आणि तासभर फेऱ्या मारणाऱ्याचं? कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली नेमकं हेच तपासलं. ट्रॅकवरचे दहा सायकलपटू घेतले. एकदा त्यांना त्यांच्या नेहमीच्या पद्धतीचा वॉर्मअप दिला: सुमारे ५० मिनिटं, चढत्या जोराचा, शेवटी चार पूर्ण ताकदीचे स्प्रिंट. दुसऱ्यांदा फक्त १५ मिनिटं, बेताचा जोर आणि एकच स्प्रिंट. लगेच पुढच्या ३० सेकंदांच्या चाचणीत छोट्या वॉर्मअपनंतर सर्वोच्च ताकद सुमारे सहा टक्क्यांनी जास्त भरली. पाय तेच, माणसं तीच. लांबलचक वॉर्मअपनं त्यांना शर्यतीआधीच थकवलं होतं.

मांडी ताणून धरणाऱ्याला एवढंच सांगायचं: मिनिटभर ताणून धरलेला स्नायू लगेचच्या जोरासाठी थोडा मंदावतो. ते ताणणं संध्याकाळी कर.

(सर स्टॉपवॉच घेऊन रोलरशेजारी उभे.)

सरांची पद्धत बघा. आठ मिनिटं हलके पाय. मग दर मिनिटाला जोर थोडा थोडा वाढवायचा, गप्पा मारता येणार नाहीत इथवर. त्यानंतर दोन मिनिटं मोकळे पाय. शेवटी सहा सेकंदांचा एक तडाखा. बस्स. या तडाख्याच्या वेळी पोराचा चेहरा बघा. घामाचा थेंब हनुवटीवरून सुटतो आणि हँडलवर पडतो.

“सर, अजून एक मारू?”

“नको. उतर आता.”

आणि आता ती शाल. तांबडी, काठाला उसवलेली. पोराच्या आईची आहे. सर ती त्याच्या दोन्ही मांड्यांभोवती गच्च गुंडाळतात. रोलरवरून उतरलं की स्नायू निवायला लागतो, आणि अर्ध्या तासात कमावलेली ऊब बरीचशी निघून जाते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचे ट्रॅक सायकलपटू बॅटरीवर तापणाऱ्या विजारी घालून बसायचे, ते याच कारणासाठी. बॅटरीची विजार सांगलीत कुठून आणायची? शालीनं ती ऊब पुरती टिकत नाही, पण उघड्या मांडीपेक्षा बरी.

बूट बांधता बांधता सर पोरांना एक गोष्ट सांगतात. १९८९ ची टूर द फ्रान्स, लक्झेंबर्गमधली ७.८ किलोमीटरची पहिली छोटी शर्यत. आदल्या वर्षीचा विजेता पेद्रो देल्गादो अंग गरम करायला गेला आणि वेळेचं भान सुटलं. स्टार्टवर पोचला तेव्हा त्याचं घड्याळ सुरू होऊन २ मिनिटं ४० सेकंद झाली होती. तीन आठवड्यांनंतर तो तिसरा आला, पहिल्यापेक्षा ३ मिनिटं ३४ सेकंद मागे. पोरं दरवेळी तोंडात बोट घालतात.

(भोंगा. घोषणा. सरांच्या हातातलं स्टॉपवॉच.)

इथं मात्र उशीर पोराचा नाही. स्पर्धा चाळीस मिनिटं पुढे गेलीये. का, ते कुणी सांगत नाही. वॉर्मअप शर्यतीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी संपवावा, हे आता शिकता येतं, पण शर्यत नक्की कधी हे कळलं तर. खेड्यातून रात्रभर एसटीनं आलेल्या पोराला रोलर मिळो न मिळो, खरी वेळ तरी मिळाली पाहिजे. ती द्यायला पैसे लागत नाहीत.

सर शाल सोडतात. पुन्हा रोलर, पण या वेळी पाचच मिनिटं, आणि तडाखा नाही. ताकद एकदा खर्चून झालीये, आता फक्त ऊब परत आणायची. मग पुन्हा शाल. स्टार्टच्या रेषेपर्यंत तो शाल गुंडाळूनच चालत जातो. मागून धरणारा सायकल धरतो, पोरगा बसतो, पट्टे आवळतो, आणि अगदी शेवटच्या क्षणी सर शाल ओढून घेतात.

(शर्यत. निवेदन नाही.)

पाचवा आला. स्वतःच्या मागच्या वेळेपेक्षा सेकंदभर लवकर.

(रोलरचा आवाज पुन्हा, यावेळी संथ. कठड्यावर तांबडी शाल.)

दहा मिनिटं तो असेच हलके पाय मारत राहील. दुपारी अडीचला त्याची स्प्रिंटची पात्रता फेरी आहे. निदान घोषणेत तरी तसं सांगितलंय. सरांनी वहीत दोन वाजून पाच मिनिटं लिहिलंय, आणि त्यापुढे रोलरचं चित्र काढलंय.