ब्रूनोचं तोंड मिटतं तेव्हा

हा ब्रूनो. आत्ता बघा त्याच्याकडे, तोंड उघडं, जीभ बाहेर, शेपटी सैल. आता रस्त्याच्या टोकाला एक कुत्रा दिसतोय, बराच लांब आहे, आणि ब्रूनोचं तोंड मिटलं. बस, एवढंच झालंय. मग कान पुढे येतात, अंगाचा भार पुढच्या पायांवर जातो, शेपटी ताठ होते. भुंकायला अजून तीन-चार सेकंद आहेत आणि जे काही करायचं ते या तीन-चार सेकंदांतच, एकदा सुरू झालं की त्याला माझा आवाज ऐकूच येत नाही, तेव्हा काही शिकवायला जायचं नाही, सरळ तिथून निघायचं.

पहिलं वर्षभर मला हे मिटलेलं तोंड कधी दिसलंच नाही. दिसायचं ते डायरेक्ट भुंकणं, मागच्या दोन पायांवर उभं राहून लीश ओढणं आणि लोकांच्या नजरा. मी लीश गच्च आवळायचे, नो नो म्हणून ओरडायचे. त्याच्या बाजूने विचार करा ना, दुसरं कुत्रं दिसलं की गळा आवळला जातो आणि आपलं माणूसही चिडतं, म्हणजे ते कुत्रं आलं की वाईटच होणार. मी रोज नेमकं हेच त्याच्या मनात पक्कं करत होते.

रिअ‍ॅक्टिव्ह कुत्रा म्हणजे दुसरं कुत्रं किंवा माणूस दिसताच असा भुंकत सुटणारा कुत्रा, चावरा कुत्रा नाही. बहुतेक वेळा आत भीती असते, काहींना उलट दुसऱ्या कुत्र्याकडे धावायचं असतं आणि लीश आडवी येते म्हणून चिडचिड होते. पिल्लू साधारण 3 ते 14 आठवड्यांचं असताना अनोळखी माणसं, कुत्री, आवाज नीट ओळखीचे झाले नाहीत तर पुढे असं होऊ शकतं, पण तेच एक कारण नसतं, काहींचा स्वभावच भित्रा असतो. आणि आधी शांत असलेला कुत्रा अचानक असं वागायला लागला तर ट्रेनरच्या आधी व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या, सांधे दुखत असतील, कान ठणकत असेल, दुखणारं कुत्रं कुणाला जवळ येऊ देत नाही.

आमचं सगळं बदललं ते अंतरामुळे. प्रत्येक कुत्र्याचं एक अंतर असतं जिथून तो समोरच्याला बघू शकतो आणि तरी हातातला खाऊ खाऊ शकतो. ब्रूनोचं तेव्हा शंभरेक पावलं होतं. तिथे उभं राहायचं, त्याने कुत्रा बघितला की लगेच चिकनचा तुकडा, कुत्रा दिसेनासा झाला की चिकनही बंद. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कुत्रा, मग चिकन. मी कितीतरी दिवस उलटं करत होते, कुत्रा येताना दिसला की घाईघाईने पाऊच उघडायचे, मग त्या पाऊचच्या आवाजानेच तो इकडेतिकडे शोधायला लागला की संकट कुठून येतंय. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या लॅबमधल्या कुत्र्यांचं तेच, खाण्याआधीची खूण मिळाली की त्यांना लाळ सुटायची. पावलोव्हना 1904 सालचं नोबेल मिळालं ते खरं तर पचनक्रियेवरच्या कामासाठी, पण जगाच्या लक्षात राहिली ती लाळ. आधी खूण, मग अन्न, तरच खुणेला अर्थ येतो.

आणि अंतर मिळणारच नसेल तर? अरुंद गल्ली, वळणावरून अचानक कुत्रा. त्यासाठी आम्ही "चल" हा शब्द आधी घरातच घोटून घेतला, मग रिकाम्या रस्त्यावर. चल म्हटलं की गर्रकन मागे वळायचं आणि माझ्याबरोबर निघायचं, खाऊ तिकडे मिळतो. उभी गाडी दिसली तर तिच्या आड जायचं. लीश थोडी सैलच ठेवायची, हार्नेसला म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला लावलेली, आपोआप लांब होणारी दोरी तर अजिबात नको, ऐन वेळी ती आवरता येत नाही.

घरी पाहुणे येतात तेव्हा लोक प्रेमानं म्हणतात, द्या मी त्याला बिस्कीट देतो. त्यांना देऊ देऊ नका. खाऊच्या ओढीने कुत्रा जवळ जातो, तुकडा संपतो आणि मग त्याला कळतं की अनोळखी हात आपल्या तोंडाशी आहे. त्यापेक्षा पाहुण्याने त्याच्याकडे न बघता तुकडा त्याच्या मागे टाकावा, म्हणजे खायला त्याला लांबच जावं लागतं. बेल वाजायच्या आधी आतल्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवलं तरी चालतं, भेट झालीच पाहिजे असं कुठंय?

गुरगुरला म्हणून त्याला कधी मारू नका, हे मी हात जोडून सांगते. गुरगुरणं ही त्याची सूचना असते, ती दाबली तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी तो न सांगता चावू शकतो. अमेरिकेतल्या प्राणीवर्तन तज्ज्ञ व्हेट्सच्या संघटनेनं 2021 मध्ये स्पष्ट लिहिलंय की ट्रेनिंग बक्षीस देऊनच करावं, शॉक कॉलर, काट्यांचे पट्टे नकोत. मझल, म्हणजे तोंडावर बांधायची मुसकी, मात्र वेगळी गोष्ट. जाळीची, ज्यातून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, खाऊ घेता येतो, अशी मझल हळूहळू सवयीची केली तर मलाच रस्त्यावर मोकळा श्वास घेता येतो, आणि तो मोकळा श्वास लीशमधून त्याच्यापर्यंत पोचतो.

काही दिवस वाईट जातात. सकाळी फटाका वाजला, दुपारी कुणी दार वाजवलं, संध्याकाळी एक सायकल अगदी जवळून गेली, एकेकटं असतं तर त्याने सोसलं असतं, सगळं साठलं आणि चौथ्या गोष्टीवर फुटलं. अशा दिवसानंतर आम्ही एक-दोन दिवस कुत्री दिसतील तिकडे जातच नाही, गवतात खाऊ पसरून देते, नाक खाली घालून तो हुंगत बसतो.

आज समोरचा कुत्रा चाळीस पावलांवर आहे. ब्रूनोचं तोंड मिटलंय. मी काही बोलत नाहीये. तो बघतोय, अजून बघतोय, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. तुकडा दिला. तोंड परत उघडलं, जीभ बाहेर. पाऊचमध्ये आता दोनच तुकडे राहिलेत, म्हणून आम्ही इथूनच मागे फिरतोय.