बावन्न की पंचवीस?

नांदेड जिल्ह्यातला देगलूर तालुका. तेलंगणाची हद्द इथून जवळच. जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरी-तिसरीची लेकरं एकाच खोलीत बसलीत. मॅडम सांगतात, "लिहा, बावन्न." मागच्या रांगेतला एक जण पाटीवर आधी २ काढतो, मग ५.

झाले पंचवीस. चूक आहेच, पण पोरगं कानाला इमानदार आहे. बावन्नात दोन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर. मराठी आकडा तोंडात एककापासून सुरू होतो आणि पाटीवर दशकापासून. एकोणपन्नासाची तऱ्हा तर आणखी न्यारी: लिहायचे ४ आणि ९, अन् उच्चारात दोघांचाही पत्ता नाही.

याच खोलीत एक मुलगी घरी तेलुगू बोलते. तिच्या घरी बावन्न म्हणजे 'याभै रेंडु', पन्नास दोन. जसं बोलायचं तसंच लिहायचं. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी रीत दिली, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ उठला होता! इथल्या कित्येक घरांत ते रोजचंच बोलणं. बावन्न सोडून द्या, असं आम्ही म्हणणार नाही. फक्त त्यात पन्नास कुठे बसलेत, ते लेकराला दिसलं पाहिजे.

मॅडमकडे त्यासाठी तुराट्या आहेत. तूर निघाली की शिवारात हव्या तेवढ्या. बोटभर तुकडे, दहाचा एक गठ्ठा, वर सुतळीची गाठ.

फळ्यावर गणित आहे, ५२ वजा २७. बऱ्याच पाट्यांवर उत्तर ३५. दोनातून सात जात नाहीत, मग लेकरांनी सातातूनच दोन काढले. 'शेजारून एक उसना घ्या' हे सगळ्यांना पाठ आहे. पण एक घेतला तर त्याचे दहा कसे होतात, हे कुणी विचारत नाही. आणि म्हणायचं उसना, परत मात्र कधीच द्यायचा नाही!

आता पाटी बाजूला. मघाच्या त्या पोरापुढे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या. द्यायच्यात सत्तावीस. तो दोन सुट्ट्या उचलतो, पुन्हा ठेवतो. मॅडम गप्प.

"मॅडम, गठ्ठा सोडू का?" विचारते ती तेलुगूवाली, त्याच्या वतीने.

गाठ घट्ट बसलेली. तो दाताने ओढतो. दहा काड्या फरशीवर सांडतात. मोजतो: सुट्ट्या बारा, गठ्ठे चार. सात काड्या सरकवतो, मग दोन गठ्ठे.

"किती उरले रे?"

"पंचवीस."

"लिही मग."

पेन्सिल पाटीला टेकते आणि थांबते. ओठांवर पाच आधी आलेत. तो खाली बघतो. दोन गठ्ठे, पाच सुट्ट्या.

आधी २ काढतो.