कापलेल्या झडपेत काय उरते

(दृश्य : विकृतिशास्त्र विभागातील संग्रहालय. काचेच्या बरणीतील हृदयावर कॅमेरा सावकाश जवळ जातो.)

या बरणीतील हृदय फॉर्मालिनमध्ये राहून राखाडी पडले आहे. तरी डाव्या अलिंदाची भिंत कापून जे उघडे केले आहे ते आजही स्वच्छ दिसते. अलिंद आणि निलय यांच्यामधील ही द्विदल झडप, डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यातला मायट्रल व्हॉल्व्ह. निरोगी माणसात तिची जेमतेम एक मिलिमीटर जाडीची दोन दले प्रत्येक ठोक्याला उघडतात आणि रक्ताला ४ ते ६ चौरस सेंटिमीटरची वाट करून देतात. या नमुन्यात दले जाड झाली आहेत, त्यांच्या कडा दोन्ही कोपऱ्यांत एकमेकींना चिकटल्या आहेत, खालून त्यांना धरून ठेवणारे तंतू आखडून एकत्र आले आहेत, आणि रक्ताला जाण्यासाठी उरली आहे ती सदऱ्याच्या काजाएवढी फट. खानदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी हे हृदय पाहिले आहे. संधिवाताच्या तापाने, म्हणजे रुमॅटिक फीव्हरने, हृदयाचे काय होते, याचे ते उदाहरण आहे.

डोळ्यांना दिसते ते इतकेच. या झडपेत आज कोणती प्रथिने आहेत, कोणती असायला हवी होती आणि नाहीत, आणि त्यावरून आजाराचा मागचा प्रवास किती वाचता येईल, हा या फिल्मचा विषय आहे.

(दृश्य : साक्री तालुक्यातील शाळेचे आवार. आरोग्य पथक एकेका मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावत आहे.)

आजाराची सुरुवात हृदयात होत नाही, ती घशात होते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये घसा दुखणे ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की ‘घसा दुखस’ म्हणणाऱ्या मुलाला घरात हळद-दूध मिळते आणि दोन-तीन दिवसांत तो पुन्हा खेळायला जातो. बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही, कारण बहुतेक घसे विषाणूंमुळे दुखतात. मात्र त्यामागे अ गटातील स्ट्रेप्टोकॉकस हा जीवाणू असेल आणि त्याच्यावर पेनिसिलिनचा उपचार झाला नसेल, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे आणि घोटे आळीपाळीने सुजतात, आणि सांध्यांची सूज ओसरून मूल बरे झाल्यासारखे दिसत असतानाच हृदयाच्या झडपेत दाह सुरू राहतो. हाच संधिवाती ताप.

असे का होते, याचे उत्तर प्रथिनांच्या घडणीत आहे. या जीवाणूच्या पृष्ठभागावर एम नावाचे प्रथिन असते. त्याच्या प्रकारांवरून या जीवाणूंची विभागणी करण्याचे काम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रेबेका लान्सफील्ड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केले. या प्रथिनाचे काही भाग आणि माणसाच्या हृदयाच्या स्नायूतील मायोसिन हे प्रथिन यांची रचना इतकी मिळतीजुळती आहे की जीवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे आणि टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पुढे स्वतःच्याच हृदयाला ओळखू लागतात. जीवाणूच्या आवरणातील शर्करेविरुद्धची प्रतिपिंडे झडपेच्या पातळ अस्तराला चिकटतात. मग ते अस्तर व्हीसीएएम-१ हे प्रथिन मोठ्या प्रमाणात बाहेर काढते, आणि त्याला धरून रक्तातील टी-पेशी झडपेत शिरतात. एरवी ज्या झडपेत या पेशींना फारसे काम नसते तेथे त्या ठाण मांडतात. वर सांगितलेले व्हीसीएएम-१ हे या आजाराच्या अगदी आरंभीच्या खुणांपैकी एक आहे, हे येथे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

साओ पाउलो येथील लुइझा गिलेर्मे आणि जॉर्ज कालिल यांच्या गटाने शस्त्रक्रियेत काढलेल्या झडपांमधून अशा टी-पेशी वेगळ्या करून वाढवल्या आणि त्या कशाला प्रतिसाद देतात हे तपासले. एम प्रथिनाच्या तुकड्यांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी झडपेतल्या स्वतःच्या प्रथिनांनाही प्रतिसाद देत होत्या, आणि त्या प्रथिनांत व्हायमेंटिन हे नाव ठळक होते. व्हायमेंटिन हा पेशीला आतून आकार देणाऱ्या तंतूंचा घटक आहे. पुस्तकातील आकृतीतून जे अनुमान काढले जात होते ते रुग्णाच्या ऊतीतून दाखवून देणारे हे काम आहे, आणि कापून काढलेली झडप जपून ठेवली तरच असे काम होऊ शकते.

(दृश्य : प्रयोगशाळा. चिमट्यात धरलेला झडपेचा तुकडा. त्यावर पांढरट, खडबडीत ठिपके.)

शस्त्रक्रिया या फिल्ममध्ये नाही. तिच्यानंतरचे काम आहे. रुग्णाची लेखी संमती आणि नैतिकता समितीची मान्यता असलेल्या या तुकड्याचे आधी दोन भाग केले जातात. एक भाग तत्काळ द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवून नंतर उणे ८० अंशांच्या शीतकपाटात ठेवायचा असतो, कारण प्रथिने शरीराबाहेर पडल्यापासूनच मोडू लागतात. दुसरा भाग फॉर्मालिनमध्ये जातो. फॉर्मालिन ऊतीला टिकवते, पण प्रथिनांना एकमेकांशी जखडूनही टाकते, आणि ही जखडण पुढे सोडवावी लागते.

चिमट्यावर जे पांढरे दिसते आहे ते कॅल्शिअम आहे. अशा झडपेवर पाते चालवले तर काप फाटतो आणि पात्याची धारही जाते. म्हणून तुकडा ईडीटीए या कॅल्शिअम ओढून घेणाऱ्या रसायनाच्या द्रावणात काही दिवस, कधी काही आठवडे, मुरत ठेवतात. आम्लाने हेच काम लवकर होते, पण त्याने प्रथिनांची हानी होते, आणि प्रथिनेच पाहायची असल्याने येथे घाई परवडत नाही. त्यानंतर वाढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाणी काढून, झायलीनमधून नेऊन, तुकडा वितळलेल्या पॅराफिन मेणात बसवला जातो.

(दृश्य : अतिपातळ काप काढणाऱ्या मायक्रोटोम या यंत्राचे चाक फिरते, मेणाची पातळ फीत कोमट पाण्यावर तरंगते आणि काचपट्टीवर उचलली जाते.)

ही फीत चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या चार हजारांशाएवढ्या, जाडीची आहे. तंत्रज्ञ ती पाण्यावर सोडतात, ब्रशच्या टोकाने एक सुरकुती काढतात आणि काचपट्टी तिच्याखाली सरकवून एका उचलीत वर घेतात. वर्षानुवर्षे हे करणाऱ्या हातांना ते सोपे वाटते. पाहणाऱ्याला वाटू नये. पुढे काचपट्ट्या सायट्रेटच्या द्रावणात उकळत्या तापमानापर्यंत तापवल्या जातात, म्हणजे फॉर्मालिनने जखडलेली प्रथिने मोकळी होतात. ऊतीतील स्वतःच्या पेरॉक्सिडेज या विकराने खोटा रंग येऊ नये म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड घातले जाते. मग येते ते नेमके एकाच प्रथिनाला ओळखणारे प्रतिपिंड, त्याच्यावर रंग घडवणारे विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड, आणि शेवटी डीएबी हे रसायन. जेथे शोधलेले प्रथिन असेल तेथे काही मिनिटांत तपकिरी रंग उमटतो. बाकीच्या पेशींची केंद्रके निळी केली जातात, म्हणजे तपकिरी काय आणि कुठे, हे नेमके सांगता येते.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकातील चित्र. तपकिरी कडा असलेल्या बारीक नलिका.)

निरोगी झडपेचे तीन थर असतात. अलिंदाकडील थरात लवचीक तंतू, मधल्या मऊ थरात पाणी धरणारी प्रोटिओग्लायकन, आणि निलयाकडील थरात कोलॅजेन या बळकट, तंतुमय प्रथिनाची घट्ट वीण. पडद्यावरील कापात हे थर वेगळे ओळखता येत नाहीत. सगळीकडे कोलॅजेनचा जाड, अस्ताव्यस्त पट आहे. कोलॅजेन घडवणाऱ्या झडपेच्या पेशींनी स्नायूसारखे रूप घेतले आहे, हे त्यांच्यातील अल्फा स्मूथ मसल ॲक्टिन या प्रथिनाच्या तपकिरी रंगावरून कळते.

बारीक नलिका म्हणजे रक्तवाहिन्या. प्रौढ माणसाच्या निरोगी झडपेच्या दलात त्या जवळजवळ नसतात, कारण पातळ दलाला लागणारा प्राणवायू भोवतालच्या रक्तातूनच मिळतो. जपानमधील संशोधकांनी २००६ साली दाखवले की झडपेला रक्तवाहिन्यांपासून मुक्त ठेवण्याचे काम कॉन्ड्रोमोड्युलिन-१ हे प्रथिन करते, आणि संधिवाती तापाने बिघडलेल्या झडपेत जेथे ते कमी झाले तेथेच रक्तवाहिन्या वाढवणारे व्हीईजीएफ वाढलेले असते. बिघडलेल्या झडपेत काय नवे आले याकडेच लक्ष देण्याची सवय अभ्यासकांना असते. येथे खरी खूण आहे ती निघून गेलेल्या प्रथिनाची.

कॅल्शिअमच्या ठिपक्यांभोवती ऑस्टिओपॉन्टिन आणि ऑस्टिओकॅल्सिन ही, एरवी हाडांत आढळणारी, प्रथिने सापडतात. म्हणजे म्हाताऱ्या वाहिनीत क्षार साचावेत तसे हे साचणे नसून, झडपेतील पेशी हाड घडवण्याच्या कामाला लागल्या आहेत, हे अमेरिकेतील नलिनी राजामन्नन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये संधिवाती झडपांबाबत दाखवले.

गोठवलेल्या भागाचा मार्ग वेगळा आहे. त्यातील प्रथिने ट्रिप्सिन या विकराने तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात, पाठवली की एकाच वेळी शेकडो प्रथिनांची नावे हाती येतात. या यंत्रामुळे प्रथिनांची लांबलचक यादी छापणे सोपे झाले आहे, आणि त्यातच सावध राहण्याची गरज आहे. झडप कायम रक्तात भिजलेली असते. तिच्यात हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन किंवा हॅप्टोग्लोबिन सापडले तर ते आजाराचे की केवळ रक्ताचे, हे ठरवावे लागते. तुलनेसाठी निरोगी झडप कोणाची घ्यायची हाही प्रश्न आहे, कारण निरोगी झडप कोणी कापून देत नाही. ती शवविच्छेदनातून किंवा प्रत्यारोपणात काढलेल्या हृदयातून मिळते, आणि दोन्हीकडे वेळ, वय आणि औषधे यांचा फरक पडतो.

याहून मोठी अडचण काळाची आहे. झडप प्रयोगशाळेत येते ती आजार सुरू होऊन दहा, वीस वर्षे झाल्यावर. तोपर्यंत आरंभीचा दाह बराचसा शमलेला असतो आणि व्रण, वाहिन्या व कॅल्शिअम उरलेले असतात. व्हीसीएएम-१ने ज्या दिवशी पहिल्या टी-पेशीला आत घेतले त्या दिवसाची झडप कोणाच्याही हाती लागत नाही. म्हणून झडपेत सापडलेल्या खुणांपैकी ज्या रक्तातही उतरतात त्या शोधणे हे खरे काम आहे. कोलॅजेन तयार होताना त्याच्या टोकाचे जे तुकडे सुटतात ते रक्तात मोजता येतात, आणि कोलकात्यातील संशोधकांनी मायट्रल झडपेच्या रुग्णांमध्ये रक्त व झडप या दोन्ही ठिकाणी कोलॅजेनच्या घडणीच्या व मोडणीच्या खुणा मोजल्या आहेत. भारतातील रुग्णांवर अशी आणखी कामे व्हायला हवीत, आणि ती केवळ महानगरांत होऊन भागणार नाही.

(दृश्य : चांदसैली घाटातून जाणारी जीप, धडगावच्या रस्त्यावरील गर्दी.)

सातपुड्याच्या या भागातून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि मजुरीसाठी गुजरातकडे जातात आणि पावसाळ्याआधी परततात. ज्या मुलाला एकदा संधिवाती ताप येऊन गेला आहे त्याला पुन्हा घसा येऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी, अनेक वर्षे द्यावे लागते. आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत एका ओळीत ओळीने खुणा दिसतात आणि मग स्थलांतराच्या महिन्यांची रिकामी चौकट येते.

(दृश्य : तालुक्याच्या ठिकाणी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाची तपासणी. पडद्यावर झडपेची हालचाल, रंगीत प्रवाह.)

स्टेथोस्कोपने जेवढी मुले सापडतात त्याच्या सुमारे दहापट मुलांची झडप बिघडू लागल्याचे इकोमध्ये दिसते, हे मोझांबिक आणि कंबोडियातील शाळांच्या तपासणीवरून २००७ मध्ये स्पष्ट झाले. अशा, अजून कोणतीही तक्रार नसलेल्या, मुलांना पेनिसिलिन देऊन उपयोग होतो का, याची चाचणी युगांडात झाली आणि २०२१ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोन वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांची झडप आणखी बिघडली, न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांची. मात्र इकोमध्ये किंचित दोष दिसलेल्या मुलांपैकी बहुतेकांचा आजार औषधाविनाही पुढे जात नाही, हेही याच आकड्यांत आहे. कोणाचा पुढे जाईल हे इको सांगू शकत नाही. ते सांगू शकेल असे रक्तातील प्रथिन हवे आहे.

उशीर झाल्यावर फुग्याने झडप उघडतात किंवा ती बदलतात. त्यासाठी येथील रुग्णांना नाशिक, मुंबई किंवा सुरत गाठावे लागते आणि धातूची झडप बसवल्यावर रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते.

(दृश्य : प्राथमिक आरोग्य केंद्र. परिचारिका रक्ताची नळी चिठ्ठी लावून थंड पेटीत ठेवते.)

पडद्यावरील नळीत पाच मिलिलिटर रक्त आहे. एएसओ (स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धची प्रतिपिंडे) आणि सीआरपी (दाहाची खूण) या नेहमीच्या तपासण्या झाल्यावर उरलेले रक्त साधारणपणे टाकून दिले जाते. संधिवाती तापाचे निदान झालेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांची संमती घेऊन त्यातील एक मिलिलिटर रक्तद्रव उणे ८० अंशांवर जपला, दरवर्षी इकोसोबत पुन्हा एक नमुना घेतला, आणि ज्यांच्यावर पुढे शस्त्रक्रिया होईल त्यांची झडप त्याच क्रमांकाखाली नोंदली, तर आरंभीचे रक्त आणि शेवटची झडप एकाच माणसाची असेल. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिन्हींत विकृतिशास्त्राचे विभाग आहेत, आणि मायक्रोटोमवरचे जे हात आपण पाहिले तसे हातही आहेत. लागेल ते एक शीतकपाट, त्याला वीज गेल्यावर चालणारा जनरेटर, आणि मूल गुजरातेत असतानाही त्याचा क्रमांक हरवू न देणारी नोंदवही.