बियांसकट: ब्रसेल्सची आंबट चेरी आणि क्रीक बिअर

(सुरुवातीला निवेदन नाही. खोक्यांतून चेरी ओतल्याचा आवाज पूर्ण ऐकू द्यावा.)

केकवर ठेवतात ती चेरी ही नव्हे. तळहातावरचा हा दाणा पाहा. आकारानं लहान, रंगानं काळपट लाल, आणि गराच्या मानानं बी मोठी. नुसती खाल्ली तर दात आंबतात. ही स्खारबेकची चेरी, इथल्या फ्लेमिश बोलीत 'क्रीक'. स्खारबेक आता ब्रसेल्स शहराचाच भाग आहे. पूर्वी तिथं चेरीच्या बागा होत्या आणि शेतकरी हे फळ गाढवांवर लादून ब्रसेल्सच्या बाजारात आणायचे. 'गाढवांचं शहर' हे स्खारबेकचं टोपणनाव अजून टिकून आहे. बागा मात्र शहर वाढत गेलं तशा संपल्या. उरलेली झाडं आता ब्रसेल्सच्या नैर्ऋत्येला, पायोटनलांडच्या खेड्यांत, कुणाच्या परसात नाहीतर कुंपणाच्या कडेला सापडतात. झाड उंच, फळ बारीक, तोडणी हातानं. म्हणून ही खोकी एवढी जपून उतरवली जातायत.

चेरी जुलैत येते. तिच्यापासून होणाऱ्या बिअरलाही क्रीकच म्हणतात. चेरी ज्या बिअरमध्ये पडणार आहे, ती मात्र कधीच तयार होऊन पिंपात वाट पाहतेय. त्या बिअरचं नाव लाम्बिक. तिची गोष्ट हिवाळ्यातल्या एका रात्री सुरू होते.

(दृश्य: पोटमाळा. वाफ. तांब्याचा हौद हळूहळू भरतोय.)

ही जागा आंडरलेख्तमध्ये आहे, ब्रसेल्सच्या दक्षिण रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. कांतियों ब्रुअरी 1900 साली सुरू झाली. 1978 पासून ती चालतं-बोलतं संग्रहालयही आहे. लोक तिकीट काढून आत येतात आणि समोर खरंखुरं काम चाललेलं पाहतात.

सकाळपासून खाली जे शिजत होतं, त्यात दोन भाग जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, आणि एक भाग कच्चा गहू. गहू मोड न आणता घालतात, त्यामुळे धान्याच्या रसात बराच स्टार्च तसाच उरतो. एरवी बिअर करणारा हे चालवून घेणार नाही. इथं मात्र तो हवाच असतो, कारण पुढची दोन-तीन वर्षं पिंपात जे जीव राहणार आहेत त्यांची ती शिदोरी. बिअरला कडूपणा देणारी हॉप्सची फुलं, तीही ताजी नाहीत, वर्षानुवर्षं ठेवून जुनी केलेली आहेत. त्यांचा कडूपणा आणि सुगंध ओसरलाय, पण बिअर नासू न देण्याचा गुण शाबूत आहे. हा सगळा रस तीन-चार तास खळखळा उकळला आणि आता तो पंपानं वर, छताखाली आलाय.

इथं थोडं थांबू. कारण लाम्बिकचं सगळं गुपित या हौदात आहे.

हौद तांब्याचा, पसरट आणि उथळ. उथळ असल्यामुळे रस रात्रीत निवतो. भिंतीतले झरोके उघडे आहेत. बाहेरची थंड हवा आत येते, वाफ बाहेर जाते, आणि सकाळपर्यंत रस कोमट होतो. यात कुणी यीस्ट टाकलेलं नाही, आणि पुढेही टाकणार नाही. हवेतून, तुळयांवरून, लाकडातून जे येईल त्यावरच ही बिअर आंबायची. कोकणात माडी कशी आंबते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मडक्यात कुणी यीस्ट घालत नाही, तरी दुपारपर्यंत फेस येतोच.

जगभरच्या बिअरनं हा रस्ता केव्हाच सोडला. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. त्यानंतर बिअर दर वेळी तीच, तशीच काढता येऊ लागली. फायदा मोठा होता, नाकारण्यात अर्थ नाही. पण ब्रसेल्समधून वाहणाऱ्या सेन नदीच्या या खोऱ्यातल्या काही घरांनी झरोके उघडेच ठेवले. त्यांनी ते ठेवले नसते तर आज या फिल्ममध्ये दाखवायला काहीच नसतं.

(दृश्य: पिंपांची रांग. जळमटं.)

दुसऱ्या दिवशी रस लाकडी पिंपांत उतरतो. पिंपं जुनी, बरीचशी आधी वाइनसाठी वापरलेली. पहिले काही दिवस वरच्या भोकातून असा फेस उसळतो. भोक बंद केलं तर पिंप फुटेल, म्हणून ते उघडं असतं. मग आत पाळ्या लागतात. सुरुवातीचे जिवाणू मागं पडतात. यीस्ट साखरेची दारू करतं. उन्हाळ्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू जोर धरतात आणि आंबटपणा चढतो. सगळ्यात शेवटी, सगळ्यात सावकाश काम करतं ते ब्रेटानोमायसिस. या यीस्टला हे नाव 1904 मध्ये त्याच कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत मिळालं. वाइन करणारे त्याला घाबरतात. इथं त्याच्यावाचून चालत नाही. जुन्या लाकडाचा, तबेल्याचा, ओल्या गवताचा जो वास या तळघरात भरलाय, तो बराचसा त्याचाच.

जळमटं कुणी काढत नाही. चेरीच्या दिवसांत फळमाश्या येतात, त्यांचा बंदोबस्त कोळी करतात. औषध फवारायचं म्हटलं तर ज्या हवेवर बिअर आंबते तीच बिघडेल.

(निवेदन नाही. चेरी पिंपात पडतेय. हात, लाल रस, पुन्हा हात.)

लिटरमागे साधारण 200 ग्रॅम चेरी. सालीसकट, बियांसकट. वरून दीडेक वर्षं मुरलेलं लाम्बिक. काही दिवसांतच ते पुन्हा फसफसू लागतं, कारण चेरीबरोबर नवी साखर आलीय आणि सालीवरचं यीस्टही. आतली भूक मोठी आहे. फळातली साखर जवळजवळ सगळी संपते. फळाचा रंग आणि आम्ल बिअरमध्ये उतरतं, आणि पुढच्या महिन्यांत बियांमधूनही काहीतरी झिरपत राहतं. ते म्हणजे बेंझाल्डिहाइड, कडू बदामाचा वास ज्याच्यामुळे येतो ते द्रव्य. बिया काढून टाकल्या असत्या तर क्रीक अर्धी झाली असती. मी तर म्हणेन, अर्ध्याहून कमी.

बाटलीत भरताना थोडं कोवळं लाम्बिक मिसळतात, म्हणजे बुडबुड्यांसाठी लागणारी साखर मिळते. मग बूच, आणि बाटल्या आडव्या.

या सगळ्याला थंड रात्री लागतात. 2015 च्या नोव्हेंबरात रात्री इतक्या उबदार होत्या की कांतियोंला काम थांबवावं लागलं. हौदात रस निववता येईल असे महिने कमी होत चाललेत.

(दृश्य: टेबल. दोन ग्लास.)

आता चाखू या.

डावीकडचा ग्लास बाजारात सहज मिळणाऱ्या गोड क्रीकचा. रंग तकतकीत, फेस गुलाबी, वास मुरंब्याचा. पहिल्या घोटात साखर. आंबटपणा मागून येतो आणि साखरेखाली दबतो. घशाखाली उतरल्यावर चेरीचं सरबत प्यायल्यासारखं वाटतं. गोडी आवडणं यात गैर काही नाही. ब्रसेल्सच्या जुन्या कॅफेंमध्ये आंबट लाम्बिकबरोबर साखरेचे खडे देत आणि ते ग्लासात चेचायला एक छोटा धातूचा बत्ता. ज्याला जेवढी गोडी हवी, तेवढी त्यानं स्वतः घालून घ्यायची. आज मात्र ती कारखान्यातूनच घालून येते, आणि बाटलीत पुन्हा आंबू नये म्हणून बिअर बहुधा गाळून किंवा तापवून जिवंतपणाच काढून घेतलेला असतो. पिणाऱ्याला विचारलंच जात नाही.

उजवीकडचा ग्लास पिंपातल्या क्रीकचा. पाहा, रंग गडद, किंचित गढूळ, फेस लवकर बसणारा. नाक जवळ नेलं की आधी ओलं लाकूड, मग चेरीची साल. घोट घेतल्याबरोबर गालफडं आत ओढली जातात आणि तोंडाला पाणी सुटतं. हा आंबटपणा व्हिनेगरसारखा नाकात चढत नाही, जिभेच्या कडांवर पसरतो. साखर नाही, तरीही गोडीचा भास होतो, कारण पिकलेल्या फळाचा वास तोंडभर असतो आणि जीभ त्याला गोड समजते. मग तुरटपणा, सालीचा आणि लाकडाचा. आणि घोट गिळून काही क्षण गेले की बदाम. तो बियांमधला. दुसऱ्या घोटात तो लवकर सापडतो, कारण आता कुठं शोधायचं ते कळलेलं असतं.

इथं याच्यासोबत ब्रेडवर मऊ पांढरं चीज आणि मुळ्याच्या चकत्या देतात. चीज आंबटपणा झेलतं, मुळा तोंड साफ करतो.

(चेहरे. निवेदन नाही.)

क्रीक फार वर्षं साठवू नये. लाम्बिक मुरतं, पण चेरीचा ताजेपणा आणि रंग दोन्ही काळाबरोबर फिके पडतात. फ्रिजमधून काढल्या काढल्या पिऊ नका, दहा-बारा अंशांवर येऊ द्या, नाहीतर फक्त आंबट लागेल. आणि बाटली घेताना चित्रातली चेरी पाहून भुलू नका. लेबलवर 'आउडे क्रीक' लिहिलंय का पाहा. 1997 पासून युरोपीय संघात या नावाला संरक्षण आहे आणि ते गोड केलेल्या बिअरला लावता येत नाही. कांतियोंच्या बाटलीवर ते नाव नसतं, तिथं 'शंभर टक्के लाम्बिक' असं लिहिलेलं असतं. बाकी कुठल्याही बाटलीवर घटकांची यादी वाचा. साखर, स्वीटनर किंवा 'चेरी अर्क' दिसला, तर तो डावीकडचा ग्लास.