मामाची करणी आणि पँटीच्या खिशातली स्ट्रिप

माईक येतोय नव्हं मागंपर्यंत? बरं. विषय बोर्डावर आहेच, बीपीची गोळी अचानक सोडली की मनाचं काय होतं. वेळ दिलाय वीस मिनिटं, त्यातली आठ हार-नारळात गेली. बेळगावच्या शहापुरात ३५ वर्षं औषधाचं दुकान चालवलं, आता पोरगा बसतो गल्ल्यावर, म्हणून मी असा मोकळा.

आधी मामाचं सांगतो. मामा खानापूरकडचा, बीपीसाठी क्लोनिडीन नावाची गोळी दिवसातनं तीनदा, कित्येक वर्षं. मार्गशीर्षात सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेला घरच्यांबरोबर टेम्पोनं, आणि स्ट्रिप राहिली खुंटीवरच्या पँटीत. मामी म्हणाली, चार दिवसानं काय होतंय, आई बघून घेईल. दुसऱ्या रात्रीपासनं झोप गेली. हात कापायले, घाम, छातीत धडधड, रात्रभर येरझाऱ्या, आणि एकच, "कायतरी वाईट होणार हाय". देवीची पडली भरायला, म्हणजे नैवेद्याला, केलेली पुरणपोळी समोर, पण हा हात लावंना, आणि मामा एका बैठकीला सात खाणारा माणूस, मग बायकांना शंका येणारच की! देवऋष्याकडं नेलं. त्यानं लिंबू कापलं, म्हणाला धाकट्या जावेनं केलंय. झालं! दोघी आठ महिने बोलल्या नाहीत, गणपतीसुद्धा वेगळा बसवला. हसू नका, तुमच्यातल्या कुणाकुणाच्या दारात लिंबू आहे ते मला दुकानात बसून माहीत आहे.

परत आल्यावर एका दवाखान्यात नेलं, तिथं बीपी न बघताच घाबरट स्वभाव म्हणून झोपेची गोळी. माझा राग आहे तो इथं. मी फोनवर एवढंच विचारलं, गोळी चालू आहे काय? मामीनं पँट झाडली, दहातल्या नऊ गोळ्या तशाच.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणे. तर भरभर. क्लोनिडीन मेंदूत जाऊन नॉरअ‍ॅड्रेनलीनला, म्हणजे धडधड आणि बीपी वाढवणाऱ्या रसायनाला, लगाम घालते, लगाम एकदम सोडला की एक-दोन दिवसांत बीपी आधीपेक्षाही वर उसळतं आणि त्याबरोबर ही बेचैनी, भीती. वेड नव्हे, करणी नव्हे. प्रोप्रानोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरचंही, म्हणजे हृदयाची धडधड कमी करणाऱ्या गोळीचंही, थोडंफार असंच, शरीर त्या रसायनाचा निरोप घेणारे रिसेप्टर वाढवून बसलेलं असतं, म्हणून एक-दोन आठवड्यांत हळूहळू कमी करतात, नाहीतर छातीतही दुखतं. दोन्ही चालू असतील तर आधी बीटा ब्लॉकर उतरवायचा, मग क्लोनिडीन, तेही डॉक्टरला विचारूनच. सर्पगंधा वनस्पतीपासनं केलेल्या बीपीच्या गोळीचं तर उलटं, ती घेतानाच काहींचं मन उदास व्हायचं, ती तर आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये जगाला दाखवली, त्याच्यावर वेगळं व्याख्यान ठेवा.

काय म्हणताय आजी? अ‍ॅम्लोडिपिन, ती बीपीची दुसरी गोळी? ती अंगातनं सावकाश जाते, एकदम अशी उसळी मारत नाही, पण बीपी हळूहळू वर जातंच, तेव्हा उपासाला सुट्टी नाही. आणि आपल्या बेळगावचा गोड कुंदा? तो मात्र सोडा.