भेकरसदृश

[दृश्य : यवतेश्वरचा घाट, पहाट, धुकं. खाली साताऱ्याचे दिवे. मोटारसायकलवर खाकी जॅकेट घातलेली एक मुलगी, पाठीला सॅक.]

निवेदन :

मी वनखात्याच्या केसेस चालवते म्हटलं की साताऱ्यात पुढचा प्रश्न ठरलेला. “मग वाघ बघितला का?”

नाही बघितला. कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला, सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरचा. त्यातला कुणी अजून माझ्यापुढं साक्षीला आलेला नाही. माझ्याकडं जंगल येतं ते फायलीतून. नाडीनं बांधलेली फाईल, कोपरे दुमडलेले, मधल्या एखाद्या पानावर चहाच्या कपाचं गोल वळं. कधी फाईलबरोबर गोणपाट येतं, त्यात लाकडाचे दोन ओंडके. कधी नुसती बरणी.

आणि एक गैरसमज काढून टाकते. माझा पगार वनखातं देत नाही. मी सरकार पक्षाची वकील. बोर्डावर जे असेल ते चालवायचं. सकाळी भावकीतली मारामारी, मग मटका, मग हातभट्टी. जंगलाचा पुकारा होतो चार वाजता, सगळं कोर्ट घड्याळाकडं बघत असताना.

[दृश्य : तालुक्याच्या कोर्टाचा व्हरांडा. बाकावर खाकी गणवेशातली तीच मुलगी. हातात समन्स.]

ही वनरक्षक. गावातले लोक गार्ड म्हणतात. तिच्याकडं एक बीट आहे, म्हणजे डोंगराचा एक तुकडा आणि त्याच्या पोटातल्या वाड्या. आज पहिलीच साक्ष. सकाळपासून बाटलीतलं पाणी संपवून परत भरून आणलंय.

“मॅडम, मी काय बोलू?”

“जे केलंस ते बोल. जे केलं नाहीस ते बोलू नकोस.”

“आणि आठवलं नाही तर?”

“तर आठवत नाही म्हण. त्याला काही शिक्षा नाही.”

प्रकरण साधं आहे. डोंगराखालची वाडी, रात्रीचे साडेनऊ, चुलीवर पातेलं. गार्ड, तिचे राउंड ऑफिसर आणि दोन पंच दारात. पातेल्यात रस्सा. पंचनाम्यात लिहिलंय : “सदर पातेल्यात भेकरसदृश प्राण्याचे शिजवलेले मांस अंदाजे दोन किलो मिळून आले.”

भेकर म्हणजे जंगलातलं छोटं हरीण, ते मारणं गुन्हा. आणि सदृश म्हणजे आमच्या कागदी मराठीतला सगळ्यात भित्रा शब्द. आमच्याकडं द्रव दारूसदृश असतो, हत्यार कोयतासदृश असतं, आणि फाईल कोर्टात येईपर्यंत माणूससुद्धा आरोपीसदृश होतो. पण हिची चूक नाही. चुलीच्या उजेडात भेकर की बोकड हे कुणी छातीठोक सांगू नये, आणि ते सांगायचं काम प्रयोगशाळेचंच. मला तो शब्द आवडत नाही, एवढंच. कारण समोरच्या वकिलाला तो फार आवडतो.

[दृश्य : रिकामी कोर्टरूम. साक्षीदाराचा कठडा. भिंतीवरचं घड्याळ.]

समोरचे वकील ज्येष्ठ आहेत. आवाज चढवत नाहीत. उलटतपासाला उठले की आधी चष्मा पुसतात.

“ताई, बोकडाचं मटण शिजल्यावर कसं दिसतं?”

“काळपट-तांबडं.”

“आणि भेकराचं?”

ती गप्प. मग म्हणाली, “मी खाल्लेलं नाही.”

कोर्ट हसलं. न्यायाधीश साहेबांनीही हसू आवरत स्टेनोकडं बघितलं, आणि रेकॉर्डवर आलं : “मी भेकराचे मांस कधीही खाल्लेले नाही, असे साक्षीदार स्वतःहून सांगते.” मला त्या मुलीचं कौतुक वाटलं. शिकवून असलं उत्तर येत नाही.

पण चष्मा पुसणारे थांबत नाहीत. पुढचा अर्धा तास त्यांनी भेकराचं नावसुद्धा घेतलं नाही. सगळे प्रश्न बरणीचे.

[दृश्य : जवळून – काचेची बरणी, झाकणावर पांढरं कापड, दोरा, लाखेचं सील. कागदाच्या चिठ्ठीवर सह्या.]

बघा नीट. त्या रात्री रश्श्यातले तुकडे काढून दोन बरण्या भरल्या. एक प्रयोगशाळेला, एक मुद्देमालात. कापड, दोरा, लाख, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. पंचनाम्यात लिहिलंय, प्रत्येकीला तीन सील. मुद्देमाल रजिस्टरला नोंद, दोन सील. हैदराबादच्या प्रयोगशाळेला गेलेल्या पत्रात सीलचा उल्लेखच नाही, आणि ताडून बघायला पत्रासोबत नमुना सील जोडायचं असतं ते जोडलेलं दिसत नाही. मधले पाच दिवस बरणी कपाटात होती.

“कपाटाची चावी कुणाकडं?”

“साहेबांकडं.”

“ते साहेब आज कुठं आहेत?”

“बदली झाली. विदर्भात.”

हैदराबादची सीसीएमबी म्हणजे पेशी आणि रेणू यांच्यावर संशोधन करणारी संस्था. तिची लॅकोन्स नावाची प्रयोगशाळा वन्यप्राण्यांचा डीएनए तपासते. मांस शिजलेलं असलं तरी त्यातून प्राणी ओळखता येतो. अहवाल स्पष्ट आला : भेकर. टीव्हीवरच्या मालिकेत इथं केस संपते, आरोपी खाली मान घालतो. आमच्याकडं इथून सुरू होते. डीएनए सांगतो हे मांस कशाचं. ते कुणाच्या पातेल्यातलं, हे त्या रात्री गार्डनं बॉलपेननं काय लिहिलं त्यावर ठरतं. आणि बॉलपेन चालत होतं टॉर्चच्या उजेडात, बाहेर पंधरा-वीस माणसं जमलेली असताना.

पंचांचं तर विचारूच नका. एक खात्याचाच रोजंदारी वनमजूर. बचाव पक्ष म्हणतो, हा तुमचाच माणूस. दुसरा वाडीतला. तो कठड्यात चढला, माझ्याकडं न बघता म्हणाला, “सही माझी आहे. मजकूर मला माहीत न्हाय.” फितूर झाला म्हणून मी अर्ज दिला, त्याचा उलटतपास घेतला, आवाजही चढवला. मनातून राग आला नाही. त्याला संध्याकाळी त्याच वाडीत परत जायचंय. पिठाची गिरणी एक, पाण्याची टाकी एक, मयताला जायची वाटसुद्धा एकच.

[दृश्य : कोर्टाच्या आवारातलं चहाचं दुकान. फाईल मांडीवर.]

चार पानांचा एक जबाबही आहे फायलीत. आरोपीनं सगळं कबूल केलंय : फास कुठं लावला, भेकर किती वाजता मिळालं, कातडं कुठं पुरलं. अक्षर मोत्यासारखं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ५० प्रमाणं, सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकृत अधिकाऱ्यानं आरोपीच्या समक्ष नोंदवलेला पुरावा पुढं खटल्यात वाचता येतो. मी शेवटचं पान उलटलं. खाली सही राउंड ऑफिसरची, म्हणजे त्या हुद्द्याच्या खालच्या माणसाची. तो जबाब मी परत नाडीत बांधला.

अजून एक. खून-दरोड्यात पोलिस चार्जशीट पाठवतात आणि खटला सुरू होतो. वन्यजीवांच्या गुन्ह्याला तो रस्ता नाही. कलम ५५ म्हणतं, नेमलेल्या अधिकाऱ्यानं स्वतः कोर्टात तक्रार द्यायची. मग आधी पुरावा, त्यानंतर आरोप, आणि आरोप ठेवल्यावर आरोपीला तेच साक्षीदार पुन्हा उलटतपासाला बोलावता येतात. म्हणजे ही मुलगी आज घाट उतरून आली, तशी परत एकदा यायची. तोपर्यंत तिचं बीट बदललेलं असेल, आणि कदाचित फायलीचा वकीलही.

[दृश्य : शिवसागर जलाशय, तापोळ्याच्या बाजूनं. पलीकडं डोंगरांच्या रांगा. डोंगराच्या धारेवर दगडांचा रचलेला बुरूज.]

हा बुरूज. किल्ल्याचा नाही, वनहद्दीचा. दगड रचून चुना फासलेला. याच्या अलीकडं गावाची जमीन, पलीकडं राखीव वन. डोळ्यांना तर दोन्हीकडं कारवीच दिसते.

जंगलात गुन्हा घडला हे सिद्ध करण्याआधी ते जंगल आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि माझा निम्मा वेळ यात जातो. साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी १८४८ साली खालसा केलं. १८७८ चा वन कायदा आला, नंतर १९२७ चा, तो आजही चालू आहे. डोंगर राखीव झाले ते राजपत्रात छापून. जुन्या अधिसूचना इंग्रजीत आणि सर्व्हे नंबरांवर. पुढं गावोगाव जमिनींचं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. वनखातं त्याच जागेला कक्ष क्रमांकानं ओळखतं. आता गार्ड मोबाईलवरून जीपीएसचे आकडे टाकते. एका खैराच्या बुंध्याला चार पत्ते, आणि चारही एकाच ठिकाणचे आहेत हे सांगायला भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीन मोजणारा लागतो, ज्याला तारखेला वेळ नसतो. कोयनेत बुडालेल्या गावांचे सर्व्हे नंबर तर पाण्याखालीच गेले.

१२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टानं गोदावर्मन खटल्यात सांगितलं की १९८० च्या वनसंवर्धन कायद्यासाठी जंगल म्हणजे शब्दकोशात ज्याला जंगल म्हणतात ते, मालकी कुणाचीही असो. फार मोठा आदेश. दिल्लीत शब्दकोश चालतो, माझ्या कोर्टात साहेब विचारतात, “गॅझेट कुठंय?”

एक कलम मात्र माझ्या बाजूचं आहे. १९२७ च्या कायद्याचं ६९. वनोपज सरकारी आहे की नाही असा वाद आला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचं धरायचं. लाकडाच्या केसमध्ये मी याच कलमाला धरून उभी राहते. टेम्पो पकडला, आत खैराचे सोललेले ओंडके, वाहतूक पास नाही, ओंडक्यावर खात्याच्या हातोड्याची खूण नाही. मग पुढच्यानं सांगावं, आणलं कुठनं.

[दृश्य : वनखात्याचा डेपो. जप्त टेम्पो. बॉनेटमधून उगवलेलं गवत. टपावर कोंबडी.]

टेम्पोचं पुढं काय होतं ते हे.

[दृश्य : रात्र. डोंगराच्या उतारावर वणव्याची नागमोडी तांबडी रेघ.]

वणव्याच्या केसेस माझ्याकडं येतातच कुठं! राखीव वनाला आग लावणं गुन्हा आहे, कायद्यात स्वच्छ लिहिलंय. फेब्रुवारीपासून साताऱ्यातून नुसतं वर बघितलं तरी एखादी रेघ दिसते. पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं म्हणून लावतात, कुणी बिडी टाकतं, कुणी उगाच. पण काडी ओढताना बघितलेला माणूस मिळत नाही. फाईलच होत नाही, तर वकील काय करणार.

[दृश्य : पुन्हा कोर्ट. दुपार. बाकावर मुंडासं बांधलेले एक आजोबा, मांडीवर प्लास्टिकची पिशवी.]

भेकराला पुढची तारीख पडली. गार्ड पोरगी गाडीला किक मारून गेली. तिला बीटात परतायला दोन तास. बोर्डावर शेवटचं प्रकरण उरलं : राखीव वनात जमीन फोडून नाचणी केली. आरोपी हे आजोबा. गवळी धनगर. वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, चार घरं.

त्यांचा वकील नवखा, तो अजून कागद लावत होता. आजोबा थेट माझ्याकडंच आले.

“बाई, ह्यो कागुद बघा.”

“बाबा, तो तुमच्या वकिलांकडं द्या. मी सरकारची वकील आहे.”

“सरकारचाच हाय की कागुद.”

खरंच सरकारचा होता. दंडाची पावती. त्यांच्या आज्याच्या नावावर, राखीव वनात गुरं चारल्याबद्दल. घड्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावलेली, तीही पिवळी पडलेली.

आता गंमत ऐका. २००६ चा वनहक्क कायदा आदिवासी नसलेल्या, पण पिढ्यानपिढ्या जंगलावर जगणाऱ्यांनाही हक्क देतो. अट एवढीच, १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या तिथं राहिल्याचं दाखवायचं, आणि एक पिढी म्हणजे २५ वर्षं. म्हणजे मागं १९३० च्या डिसेंबरपर्यंत जायचं. १९३० साली सड्यावरच्या धनगराकडं कुठला कागद असणार? शाळा नाही, सातबारा नाही, रेशनकार्ड तर नाहीच. त्याच्याकडं कागद असतो तो एकच. खात्यानं त्याला जंगलात पकडलं तेव्हाचा. ज्या पावतीनं आज्याला गुन्हेगार ठरवलं, तीच नातवाच्या दाव्याला लागते. दावा ग्रामसभेपुढं, पुढं उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. त्यात माझं काही काम नाही. पण दावा पडून असताना इथं खटला चालू आहे, आणि तो मला चालवायचाय.

मी पावती खिडकीशी नेली.

[दृश्य : जवळून – पावतीचा कोपरा. शाई उडालेली. वाळवीनं खाल्लेली कड.]

साल देवनागरीत लिहिलंय. १, ९. तिसऱ्या आकड्याची खालची शेपटी वाळवीनं खाल्लीय. तो २ असू शकतो, ३ही असू शकतो. चौथा आकडा नाहीच.

आजोबा विचारतात, “किती हाय?”

“वाचता येत नाही, बाबा.”

“आमचा आजा सांगायचा, लई पाऊस झालता त्या साली.”

पुकारा झाला. त्यांच्या वकिलानं यादीसह कागद दाखल केले, एक प्रत माझ्या टेबलावर आली. साहेबांनी विचारलं, सरकार पक्षाचं काय म्हणणं?

मी अर्जाच्या कडेला लिहिलं : “प्रत मिळाली. मूळ पावती पाहिली. म्हणणे देण्यास मुदत मिळावी.” खाली सही केली, तारीख घातली.