बाबासाहेबांचं लंडनमधलं घर: त्याला बंगला का म्हणायचं नाही

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली कितीतरी जणांनी लिहिलंय, "ताई, बाबासाहेबांचा लंडनमधला बंगला नीट समजावून सांगा." सांगते. पण त्यातला 'बंगला' हा शब्द मला फार खटकतो, त्यामुळे आज त्याच्यावरच जास्त बोलणार आहे.

तुम्हाला माहीत असलेलं पटकन सांगून टाकते. पत्ता १०, किंग हेन्रीज रोड, प्रिमरोज हिल. बाबासाहेब इथे १९२१-२२ मध्ये राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. रस्त्याच्या नावातला हेन्री म्हणजे सहावा हेन्री. त्यानं १४४० मध्ये ईटन कॉलेज काढलं आणि हा सगळा भाग त्या कॉलेजच्या जमिनीवर वसला.

आता बंगला. बंगल्याला चारी बाजूंनी मोकळी जागा असते. इथे भिंतीला भिंत लागून घरांची रांग आहे, रुंदीला कमी आणि उंचीला जास्त. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून बराच वेळ नुसत्या खिडक्या बघत होते. तुम्हीही बघा. अशा व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या घरात दिवाणखान्याच्या मजल्याला सगळ्यात उंच खिडक्या, आणि जसजसं वर जावं तसतशा त्या बुटक्या होत जातात. मालक-पाहुणे मधल्या मजल्यांवर, स्वयंपाक तळघरात, मोलकरणी पार छपराखाली. आपल्या वाड्यात ओटीपर्यंत कोण आणि माजघरापर्यंत कोण हे ठरलेलं असायचं ना? तीच उतरंड इथे उभी रचलेली.

खिडकीवरून आठवलं. लंडनमध्ये मी भाड्यानं राहायचे, तिथे असलीच वर-खाली सरकणारी खिडकी होती. एकदा उघडताना तिची दोरी तुटली आणि चौकटीच्या आत लोखंडी वजन धप्पकन खाली गेलं. तेव्हा कळलं, काचेचा भार तोलायला दोन्ही बाजूंना वजनं लपवलेली असतात. एवढ्या मोठ्या काचा परवडायला लागल्या कारण काचेवरचा कर १८४५ मध्ये गेला आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये.

पहिल्या महायुद्धानंतर घरकामाला माणसं मिळेनात. एकेका कुटुंबासाठी बांधलेली अशी मोठाली घरं खोल्याखोल्यांनी भाड्यानं जायला लागली. म्हणून मुंबईच्या एका विद्यार्थ्याला अशा घरात राहता आलं. मालक म्हणून नाही, भाडेकरू म्हणून. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, एवढ्यावर लंडनचं शिक्षण चाललं होतं. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय, रात्री खोलीवर पुन्हा वाचन.

एकानं लिहिलंय, "भाड्याची खोली म्हटलं की बाबासाहेब लहान वाटतात." दादा, उलट आहे. १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस, पण शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यानंतर चार वर्षांनी हा माणूस किंग हेन्रीज रोडवर स्वतःच्या नावानं राहत होता.

आपण 'बंगला' म्हणतो तेव्हा ही सगळी गोष्टच पुसली जाते. बंगला नाही. हवेली नाही. भाड्याची खोली! हा शब्द मोठ्यानं म्हणा, त्यात कमीपणा काहीच नाही.

जाणाऱ्यांसाठी: चॉक फार्म स्टेशनला उतरा, तिथून चालत थोडंसंच अंतर आहे. निळी गोल पाटी दिसेल. शेजारच्या घरांत कुटुंबं राहतात, तेव्हा दारात घोळका करून उभे राहू नका. आणि आत शिरायच्या आधी एकदा समोरच्या फुटपाथवर जा, मान वर करा, खिडक्या वरून खाली बघत या.